गरीब कोंबडीला 'आपापलं शिकेल' म्हणून सोडू नका

नमस्कार काकू,
आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरामागं वीस बाय तीस फुटांची मोकळी जागा आहे. पाच गावरान कोंबड्या, दोन आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या) आणि माझ्या माहेरहून, अक्कलकोट तालुक्यातून आणलेला एक असील कोंबडा असा आमचा संसार होता. डिसेंबरात लेकीच्या वाढदिवसाला तीन सिल्की आणि दोन बुटक्या कोचीन आणल्या आणि सगळ्यांना एकाच खुराड्यात ठेवलं. तेव्हापासून या पाचजणी पाण्याच्या टाकीखालच्या कोपऱ्यातून हलत नाहीत. बाकीच्या त्यांना खाऊ देत नाहीत. रात्री वरच्या दांडीवर बसून त्यांच्या अंगावर घाण करतात. परवा सकाळी एका सिल्कीचं डोकं टोचून टोचून सोललेलं दिसलं, मधे रुपयाएवढी जखम आहे. लेकीनं तिचं नाव 'कापूस' ठेवलंय. दुसरी सिल्की आठ दिवसांपासून खुडूक आहे, अंडी उबवायला बसलीय. सासरे म्हणतात, "भांडू दे की, चार दिसांत आपापलं जमतंय." मिस्टर म्हणतात, कुणालातरी देऊन टाक. लेक दोन दिवस धड जेवली नाही. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

ताई,

बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी कापूसला घरात घ्या. एक खोकं किंवा मोठी टोपली, तळाला जुनं सुती कापड, वर झाकायला पातळ ओढणी, आणि जागा अशी की जिथं मांजर पोचणार नाही आणि फार वर्दळ नाही. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड-दोन छोटे चमचे मीठ घाला आणि स्वच्छ कापडानं टिपत टिपत जखम धुवा. चोळू नका. भोवतीची रक्तानं चिकटलेली पिसं बोथट टोकाच्या कात्रीनं कापून टाका, म्हणजे जखम किती आहे ते नीट दिसेल. मग पोव्हिडोन आयोडीनचं मलम पातळ लावा. हळदतेलाचा जाड लेप नको, रॉकेल तर अजिबात नको. आपल्याकडच्या उन्हात उघड्या जखमेवर माशी बसली की दिवस-दोन दिवसांत किडे पडतात, म्हणून ती ओढणी काढून ठेवू नका. खायला भिजवलेला भरडा आणि कुस्करलेलं उकडलेलं अंडं द्या, आणि पाणी चोचीजवळ ठेवा. माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनानं देऊ नका.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी, नाहीतर घाबराल. सिल्कीची कातडीच काळी असते, झाबुआच्या कडकनाथची असते तशीच. पांढऱ्या पिसांच्या मधे ती काळी कातडी दिसली की जखम सडली असं वाटतं. तसं नसतं. वास येतोय का, पू आहे का, कडा सुजून गरम लागतात का, हे बघा. यातलं काही असेल तर पशुवैद्यकाकडे न्या.

आणि सिल्कीच्या डोक्याला लागलंय हे साधं समजू नका. अनेक सिल्कींच्या टाळूचं हाड घुमटासारखं वर आलेलं असतं आणि तिथं ते पुरतं जुळलेलं नसतं. आपल्या लहान बाळाची टाळू आठवा. गावरान कोंबडीला जी चोच नुसती लागून जाते, तीच इथं थेट मेंदूपर्यंत पोचू शकते. पुढचे आठ-दहा दिवस कापूस मान उलटी वळवते का, मागं मागं चालते का, एका बाजूला कलंडते का, यावर लक्ष ठेवा. तसं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जमत नसेल तर 1962 या टोल फ्री नंबरावर फोन करा. मान वाकडी होणं हे मानमोडीचंही, म्हणजे राणीखेत या साथीच्या रोगाचंही लक्षण आहे. त्यामुळे सोबत हिरवट विष्ठा, श्वासाची घरघर किंवा दुसऱ्या कोंबड्याही मलूल दिसल्या तर मार लागलाय म्हणून थांबू नका. सगळ्या कोंबड्या जागच्या जागी ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते चुकीचं बोलत नाहीत, हे त्यांना माझ्या वतीनं सांगा. कोंबड्यांत उतरंड असतेच. नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि 1921 मध्ये पहिल्यांदा शास्त्राच्या भाषेत मांडलं की कळपात कोण कुणाला टोचणार आणि कोण मान खाली घालणार हे ठरलेलं असतं. एकदा ठरलं की भांडणं थांबतात. सासऱ्यांनी आयुष्यभर गावरान कोंबड्यांत हेच बघितलं असणार. दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, नव्या आणल्या, आठवडाभर पिसं उडाली, मग सगळ्या एका दांडीवर.

पण ते कसं जमतं ते बघा. हरणाऱ्या कोंबडीला तीन गोष्टी येतात. समोरची अंगावर येतेय हे तिला आधी दिसतं, ती पळते, आणि पळणं जमलं नाही तर उडून भिंतीवर बसते. हरले म्हणून सांगायची तिची हीच भाषा. ती लांब गेली की जिंकणारीचा राग संपतो. सिल्कीला यातलं एकही येत नाही. डोळ्यांवर पिसांचा झुबका, त्यामुळे समोरची दिसते ती चोच लागल्यावर. पायांत पिसं, त्यामुळे पळताना अडखळते. आणि उडणं तर तिच्या पिसांतच नाही. साध्या पिसाला बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकून त्याचं सपाट पातं होतं. सिल्कीच्या पिसाला ते आकडे नीट नसतात, म्हणून पीस मोकळ्या केसांसारखं राहतं. तेराव्या शतकात मार्को पोलोनं चीनमधल्या मांजरासारख्या केसाळ कोंबड्यांबद्दल लिहून ठेवलंय, त्या याच असाव्यात. दिसायला इतकी देखणी, पण मार खाताना ती जागीच बसून राहते. समोरच्या कोंबडीला वाटतं ही अजून हरली नाही, म्हणून ती टोचतच राहते. चार दिवसांत जमत नाही ते यामुळे. तुमच्याकडे तर दोन महिने झाले.

आपण माणसं 'गरीब गाय' म्हणतो ते कौतुकानं. कोंबड्यांच्या कळपात मात्र गरीब स्वभावाला कुणी सांभाळून घेत नाही. तिला शिकवायचा प्रयत्न सोडा, तिची जागा बदला.

सगळ्यात आधी तो कोंबडा. असील मला फार आवडतो. उंच मान, ताठ छाती, डोळ्यांत जरब. हा पक्षी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठीच निवडत आणला, त्यात त्याचा काय दोष? पण चांगला असील कोंबडा चार किलोपर्यंत भरतो आणि तुमची सिल्की किलो-सव्वा किलोची. तो रागानं नाही, नुसता कोंबडीवर चढला तरी तिची पाठ सोलते, कारण नख्या रोवायला तिथं टणक पिसंच नाहीत. त्याला माहेरी परत पाठवा. तिथं मोकळं शिवार आहे, त्याच्या तोलाच्या कोंबड्या असतील. फक्त देताना घरच्यांना बजावा की झुंजीवाल्याच्या हाती जाऊ देऊ नका. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यानं झुंजी लावणं गुन्हा आहे, आणि पायाला काती, म्हणजे धारदार पातं बांधलेल्या कोंबड्याचं काय होतं ते मी लहानपणी जत्रेत बघितलंय, ते मला पुन्हा कुणाच्या वाट्याला नको.

कोंबडा गेला म्हणून अंडी थांबत नाहीत, फक्त त्यातून पिल्लं होणार नाहीत. एक मात्र होईल. कोंबडा कोंबड्यांची आपसातली भांडणं मधे पडून तोडत असतो. तो गेल्यावर पाच-सहा दिवस गावरान आणि आरआयआरमध्ये नव्यानं कुरबुर सुरू होईल. ते दिवस सिल्की त्यांच्यात अजिबात नसाव्यात.

आता जागा. तुमची सहाशे चौरस फूट आहे, शहरात एवढी कुणाला मिळते! तिचे दोन भाग करा. एका बाजूला या पाचजणींचं स्वतंत्र घर, चार बाय पाच फुटांचं, म्हणजे रात्री प्रत्येकीला चार चौरस फूट. त्याला लागून साठ-सत्तर चौरस फुटांचं जाळीचं अंगण. जाळी अर्धा इंची वेल्ड मेश घ्या. ती षटकोनी घरांची पातळ कोंबडीजाळी स्वस्त पडते, पण ती कोंबडी आत ठेवायला ठीक, मुंगूस बाहेर ठेवायला नाही. मुंगूस बुडाशी उकरतं, म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडा. वरूनही झाका. घार आणि बोका दोघांनाही पांढरी, न उडणारी, वर न बघणारी कोंबडी फार लांबून कळते. सिल्कीच्या घरात दांडी लावायची गरज नाही, त्या एकमेकींना चिकटून जमिनीवरच झोपतात. कोचीनलाही फूटभर उंचीची रुंद फळी पुरे. वर कुणी बसलं नाही की अंगावर घाण होण्याचा प्रश्नच मिटला.

जाळी मधे आहे म्हणजे कायमची फाळणी नाही. दोन-तीन आठवडे दोन्ही कळप जाळीतून एकमेकींना बघू देत. जाळीच्या दोन्ही बाजूंना लागून दाणे टाकत चला, म्हणजे समोरासमोर खायची सवय होते, पण चोच पोचत नाही. मग संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी, मधलं दार उघडा आणि तिथंच खुर्ची टाकून बसा. ही वेळ मुद्दाम सांगते. त्या वेळी सगळ्यांच्या गळ्याखालच्या दाण्याच्या पिशव्या भरत आलेल्या असतात, भांडायला सवड नसते, आणि दिवस मावळला की प्रत्येक जण आपापल्या घराकडे वळते. एक चोच मारली, दुसरी बाजूला झाली, संपलं, इतकं चालेल. पाठलाग करून टोचते, कोपऱ्यात गाठते, डोक्यावरच मारते, रक्त काढते, हे दिसलं की दार बंद. बहुतेक कळपांत अशी खोडी एखादीच असते. तिला चार-पाच दिवस वेगळं ठेवलं की परत येते तेव्हा तिचीच पायरी खाली गेलेली असते. मार खाणारीला हलवण्यापेक्षा मारणारीला हलवा. कापूसलाही जखम सुकल्यावर लगेच मोकळं सोडू नका. आधी तिचं खोकं नाहीतर पिंजरा बाकीच्या सिल्कींच्या अंगणात ठेवा, चार दिवस त्यांना ती दिसू दे. कोंबड्या आठ-पंधरा दिवसांत ओळख विसरल्यासारख्या करतात.

मोकळ्या अंगणात लपायला जागा हवीच. माझ्याकडे एक जुनी बाज आहे, सुंभ तुटलेली. तिच्यावर फळकुटं टाकली, चारी बाजूंनी गोणपाट लोंबते सोडले आणि बाज विटांवर अशी ठेवली की खालून आठ इंच जागा राहील. सिल्की मान वाकवून आत सरकते, गावरान बाहेर थबकते. आत अंधार असतो, थंडावा असतो, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंनी निघायला वाट असते. एकच तोंड असलेला आडोसा करू नका, तो आडोसा राहत नाही, सापळा होतो. तुमच्या टाकीखालच्या कोपऱ्यात हेच झालंय. भिंतीला लागून टाकी, निघायला वाट एक, आणि त्या वाटेवर असील उभा.

खाणं-पाणी तीन ठिकाणी ठेवा, आणि असं ठेवा की एका भांड्यापाशी उभी असलेली दुसऱ्या भांड्यापाशी कोण आहे ते बघू शकणार नाही. मधे कुंडी, भिंतीचा कोपरा, काहीही. आरआयआर स्वभावानं वाईट नसते, पण भांड्यावर हावरट असते, दिसेल तिथनं धावत येते.

सिल्कीच्या डोळ्यांवरची पिसं कापा. तुमच्या पत्रात हे कुठं दिसलं नाही, आणि मला वाटतं निम्मा त्रास यानंच कमी होईल. मी हे काम संध्याकाळी करते. कोंबडी जुन्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळायची, पंख आत, डोकं बाहेर, आणि मांडीवर घ्यायची. डोळ्यासमोर आणि गालाकडे आलेली पिसं दोन बोटांत धरून थोडी थोडी कापायची, कात्रीचं टोक कायम डोळ्यापासून उलट्या दिशेला. बुडाशी निळसर जाड दिसणारी नवी पिसं सोडून द्यायची, त्यांत रक्त असतं. माझ्याकडे एक सिल्की होती, सहा महिने ती जमिनीवर चोच आपटत अंदाजानं खायची. पिसं कापून झाल्यावर टॉवेल सोडला तर ती उठलीच नाही. मान तिरकी करून माझ्या हाताकडे बघत राहिली. मी तळहातावर ज्वारीचे पाच-सहा दाणे धरले. तिनं एकेक दाणा नेमका टिपला, एकही खाली पडला नाही. मग उडी मारून उतरली आणि भिंतीवरच्या मुंगळ्यामागं धावली. ती मंद आहे असं आम्ही घरात सगळे म्हणत होतो. तिला दिसत नव्हतं, एवढंच. दर दीड-दोन महिन्यांनी पिसं बघायची, वाढली की कापायची.

कोचीनचं तसं नाही, तिला दिसतं. ती चीनमधून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात गेली, नाव मात्र आपल्या कोचीनसारखं पडलं. स्वभावानं ती सिल्कीपेक्षाही शांत. तुमच्या बुटक्या कोचीन सिल्कीच्या गटातच राहू देत, जोडी उत्तम जमते. डोक्यावर झुंबर असलेली पोलिश पुढंमागं घ्यावीशी वाटली तर तीही याच गटात. ब्रह्मा अंगानं एवढी दांडगी असते की तिच्या वाटेला फारसं कुणी जात नाही आणि ती कुणाच्या वाटेला जात नाही, ती मोठ्यांत ठेवली तरी चालते. कडकनाथ चपळ आणि भित्रा, त्याच्या पळापळीनं सिल्की बावचळतात. त्यांना एकत्र ठेवायच्या भानगडीत पडू नका.

आता ऊन. शिमगा तोंडावर आला, पुढचे तीन महिने आपले कसे जातात ते तुम्हाला सांगायला नको. पारा 43-44 वर गेला की शांत कोंबडीही चिडचिडी होते, आणि सगळ्या अंगणात सावली एकच असेल तर तिच्यासाठी मारामारी होते. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून आणि तुऱ्यातून, चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीतून उष्णता सोडते. सिल्कीचा तुरा छोटा, तोही पिसांत दडलेला, त्यामुळे तिला आधी त्रास होतो. त्यांच्या अंगणात स्वतंत्र सावली करा, वर कडबा नाहीतर हिरवी शेडनेट, बाजूला दुपारी ओलं केलेलं गोणपाट. पाणी मातीच्या पसरट परळात, दिवसातून तीनदा बदललेलं. खाणं पहाटे आणि ऊन उतरल्यावर. भर दुपारी खायला घालू नका, पचवताना अंग आणखी तापतं. चोच उघडी, पंख फाकलेले आणि कोंबडी डुलायला लागली तर तिचे पाय आणि पोटाखालचा भाग साध्या पाण्यात बुडवा, बर्फाच्या पाण्यात नाही.

आणि हो, एकमेकींची पिसं उपटून खाणं सुरू झालं असेल तर खाण्याकडेही बघा. नुसत्या ज्वारी-तांदळाच्या कणीवर अंड्यावरची कोंबडी टिकत नाही. तिला सोळा ते अठरा टक्के प्रथिनं लागतात. लेअर मॅश द्या, शेंगदाण्याची पेंड थोडी मिसळा, लसूणघास किंवा शेवग्याचा पाला टांगून ठेवा. टांगलेल्या पाल्याला टोचण्यात त्यांचा वेळही जातो, तेवढ्या चोची एकमेकींच्या डोक्यावरून हटतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत.

आपली काळी माती हा पायांत पिसं असणाऱ्या कोंबड्यांचा दुसरा शत्रू. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात पडतो आणि तेव्हा ती माती सिमेंटसारखी चिकटते. बोटांभोवती गोळे होतात, वाळून आवळतात, आणि आतलं बोट काळं पडेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. ओढून काढू नका, नखं उपटतात. कोमट पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटं धरा, गोळा आपोआप सुटतो. तरी मुळात त्यांच्या अंगणात चार इंच मुरूम टाकून घेतलात तर हा त्रास बराच टळेल. सिल्की भिजली तर मात्र टॉवेलनं पुसून घरात घ्या, तिच्या पिसावर पाणी थांबत नाही, थेट कातडीला लागतं.

खुडूक सिल्कीबद्दल तुम्ही काळजीनं लिहिलंय. मला त्यात आनंद वाटला. रवणावर, म्हणजे अंडी उबवायला बसावं तर सिल्कीनंच. तिला वेगळ्या डालग्यात, अर्धवट अंधारात, गवतावर बसवा. सामायिक खोप्यात ठेवलीत तर मोठ्या कोंबड्या तिच्यावरच चढून अंडी घालतील. तिच्याखाली गावरान अंडी पाच-सहाच ठेवा, तिचं अंग लहान आहे. असील आजच गेला तरी आठवडाभराची अंडी फळलेली निघतील. एकवीस दिवसांत पिल्लं. मात्र आता बसवली तरच. एप्रिल-मेत अंडी जमवून ठेवेपर्यंतच आतून बिघडतात. सिल्कीच्या पंखाखाली वाढलेल्या गावरान तलंगा मोठ्या झाल्यावरही सिल्कींशी बऱ्या वागतात असं मी माझ्याकडे बघितलंय. नर पिल्लांचा भरवसा धरू नका. तीन-चार महिन्यांचे झाले, आरवायला लागले की त्यांना वेगळं काढा, आणि यांच्यात तर असीलचं रक्त असणार.

तुमच्या तीन सिल्कींतही एखादा कोंबडा निघू शकतो, पाच-सहा महिन्यांपर्यंत नीट ओळखू येत नाही. डोक्यावरची पिसं गोल गेंदासारखी असतील तर बहुधा कोंबडी, मागं केसांसारखी उडालेली असतील तर बहुधा कोंबडा. निघाला तर राहू द्या, अंगानं हलका असतो. नुसतं कोंबड्यांच्या पाठी तपासत चला.

एक चूक तुम्ही केलीत, ती मीही केली होती, म्हणून कळकळीनं सांगते. नवे पक्षी आणले त्याच दिवशी कळपात सोडू नका. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून दोन पोलिश घेतल्या. एकीला शिंका येत होत्या. प्रवासाची धूळ असेल असं तो म्हणाला, मला ते पटलं, कारण मला त्या हव्या होत्या. संध्याकाळी दोघींना खुराड्यात सोडलं. तीन आठवड्यांत माझ्या सात कोंबड्या गेल्या, त्यांत नऊ वर्षांची एक म्हातारी गावरान होती, जी माझ्या पायांत घुटमळल्याशिवाय दिवस सुरू करायची नाही. तेव्हापासून नवा पक्षी तीस दिवस वेगळा. वेगळी भांडी, वेगळी चप्पल, आणि त्यांचं काम सगळ्यांत शेवटी. लसोटा आणि आर टू बी या मानमोडीच्या लशी, देवीची लस, काय झालंय आणि काय राहिलंय ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. पिल्लं विकत घेणार असाल तर पहिल्याच दिवशी मारेक्स या विषाणूच्या रोगाची लस टोचलेली मागा, सिल्की त्या रोगाला लवकर बळी पडते.

मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. देऊन टाकू नका. तुमच्याकडे जागा आहे आणि जीव लावणारं माणूस आहे. पण जाळीचं काम पंधरा दिवसांत होणार नसेल, रोज पुढच्या रविवारवर जाणार असेल, तर मात्र मनाला वाईट वाटलं तरी ज्याच्याकडे फक्त अशाच शांत जाती आहेत त्याला त्या द्या. टाकीखालच्या कोपऱ्यात त्यांना आणखी एक उन्हाळा काढायला लावू नका. तोवर आज रात्रीपासून निदान झोपायची जागा वेगळी करा, चार खोकी आणि एक जुनं दार एवढ्यावर ते होतं.

आणि लेकीला एक काम द्या. गरीब कोंबडी उपाशी आहे हे ओरडून सांगत नाही, आणि फुललेल्या पिसांखाली तिचा रोडपणा दिसत नाही. म्हणून रोज दिवेलागणीला पाचही जणींच्या गळ्याखाली, छातीच्या जरा उजवीकडे, हलक्या हातानं चाचपून बघायचं. पोटभर खाल्लेलं असेल तर तिथं लिंबाएवढी भरलेली, दाबली तर दबणारी पिशवी लागते. नसेल खाल्लं तर काहीच लागत नाही. मग बोटं खाली नेऊन छातीचं हाड बघायचं, ते सुरीच्या धारेसारखं टोचलं तर ती कोंबडी बरेच दिवस उपाशी आहे. एका वहीत पाच नावं आणि रोजची खूण. कापूसपासून सुरुवात करू दे. पहिल्या पंधरा दिवसांची ती वही मला पाठवा, मी वाट बघते.